जाऊबाईंचा कॉरिडॉर

नीट बोलता येणारा माणूस आपल्याला आजवर भेटलेला नाही, असं आमच्या मोठ्या जाऊबाईंचं ठाम मत आहे. चितळ बोलतं, लंगूर बोलतो, वारुळातली मुंगीसुद्धा समोरून येणारीला निरोप दिल्याशिवाय पुढे जात नाही. माणूस मात्र नुसता आवाज काढतो. हे त्या रागाने म्हणत नाहीत. आपलं लेकरू अजून पाय टाकायला शिकलं नाही हे आई ज्या मायेने सांगते, त्याच सुरात सांगतात. शिकेल, थोडा वेळ लागेल. बालाघाटच्या कॉलेजात त्यांनी निवृत्तीपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातही इकॉलॉजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पोरांनी तो विषय परीक्षेपुरता वाचला आणि सोडून दिला. आमच्या घराला तो जन्माचा लागला. कुणी कुणावर रुसलं, कुणी ताटावरून उठलं, पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली, की जाऊबाई चष्मा डोक्यावर सरकवून म्हणायच्या, "थांबा. जंगलात असं झालं तं काय होते, ते पाहू." आणि मग खरोखरच सगळे थांबायचे, कारण त्या पुढे काय सांगतील याचा कुणालाच अंदाज नसायचा.

मी गोंदियाहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मी फक्त "हौ" एवढंच बोलत होते. घरात माणसं चांगली होती, पण चांगुलपणाची इतकी घाई होती की जो तो अगदी तोंडाजवळ येऊन विचारायचा, "करमते काय?" त्यावर हौ सोडून काय म्हणणार? एकट्या जाऊबाईंनी काही विचारलं नाही. मी मागच्या अंगणात पायरीवर बसले की त्या लांब, नळापाशी, माझ्याकडे अर्धी पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाट थोडा अलीकडे यायचा, तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. असं करत एके दिवशी त्यांचा पाट माझ्या पायरीला लागला, आणि मी कशी कोण जाणे, एकदम सांगायला लागले. आईची आठवण येते, इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, रेल्वेच्या आवाजाने झोप मोडते, सगळंच. त्यांनी मान वर केली नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "प्रत्येक जनावराचं एक अंतर असते पाह्य. आपण त्याच्या आत पाय टाकला का ते पळते. बाहेर राह्यलं का चरत राहते. तुह्यं अंतर किती, ते पाहून राह्यली होती मी." आयुष्यात मला कुणीतरी जनावर म्हटलं आणि मला आपलेपणाने रडू आलं, असं तेव्हा एकदाच झालं.

आमच्या सासूबाईंना उतारवयात कमी ऐकू यायला लागलं. सगळं घर त्यांच्याशी ओरडून बोलायचं. "आई, च्याऽऽ घेता काय!" हे इतक्या उंच आवाजात विचारलं जाई की शेजारचे चहाला तयार होत, आणि सासूबाई मात्र "काहून भांडता रे?" म्हणून डोळे पुसायच्या. जाऊबाईंनी हे दोनचार दिवस पाहिलं आणि जाहीर केलं की घरातल्या सगळ्यांचा आवाज चुकीचा आहे. दाट जंगलात बारीक, चिरका आवाज पानापानांत अडकून मरतो, भरदार खालचा आवाज दूर जातो. "आवाज वाढवू नका. खाली आणा." आणि त्या स्वतः सासूबाईंशी पुरुषी, घोगऱ्या, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात, सावकाश बोलू लागल्या. सासूबाईंना पहिल्याच दिवशी ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. कुणीतरी इतक्या दिवसांनी आपल्याशी न चिडता बोललं, असा तो चेहरा होता. नंतर आम्ही सगळेच तसं बोलू लागलो. बाहेरच्या खोलीत बसलेल्या पाहुण्यांना आतून दोनतीन पुरुष गंभीरपणे भाजीची चर्चा करताहेत असं ऐकू यायचं, आणि आत डोकावलं तर नऊवारीतल्या सासूबाई आणि आम्ही दोघी सुना.

कॉलेजातही त्यांनी हेच चालवलं होतं. स्टाफ मीटिंगमध्ये विज्ञानवाले एकीकडे, कलावाले दुसरीकडे, कॉमर्सवाले दाराजवळ, म्हणजे लवकर पळता यावं म्हणून. जाऊबाईंचं म्हणणं, एकाच जातीची रोपं ओळीने लावली की एकाला कीड लागली म्हणजे सगळ्यांना लागते. म्हणून एकजण चिडला की अख्खी रांग चिडते. एका मीटिंगच्या आधी त्यांनी स्वतः खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून सगळ्यांना मिसळून बसवलं. इतिहासाचे सर रसायनाच्या मॅडमशेजारी आले आणि दोघांच्या लक्षात आलं की आपण परसवाड्याच्या एकाच गल्लीत लहानाचे मोठे झालो. त्या मीटिंगमध्ये लोक पहिल्यांदा एकमेकांशी खरोखर बोलले. इतके बोलले, की अजेंड्यावरचा एकही विषय झाला नाही, आणि पुढच्या वेळेपासून प्राचार्यांनी खुर्च्यांना हात लावायला जाऊबाईंना लेखी मनाई केली. त्यांनी तो कागद फ्रेम करून घेतला नाही एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरही त्यांची नजर असे. मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, रोज सकाळी काहीतरी भयंकर पुढे पाठवायचे. आज हे खाऊ नका, उद्या ते पिऊ नका, तातडीने सर्वांना कळवा. जाऊबाईंनी सर्वांदेखत तिथेच लिहिलं, "लंगूर वाघ दिसल्यावरच खेकसतो, म्हणून चितळ त्याच्यावर विश्वास ठेवते. रोज उगाच खेकसला तर खरा वाघ येईल तेव्हा कोणी मान वर करणार नाही." भाऊजींनी त्याखाली अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीपासून सावध राहण्याचा संदेश पाठवला. सांगायचं एवढंच, की जाऊबाईंच्या शास्त्राचा त्यांच्या स्वतःच्या नवऱ्यावर फारसा परिणाम होत नव्हता. पण तो व्हावा, अशी वेळ आली.

मोठे भाऊजी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. बोलणं कालव्यासारखं, एकदा दार उघडलं की समोर काय आहे ते न बघता वाहत जाणारं. आमचे हे, प्रमोद, धाकटे. बालाघाटच्या कोर्टात वकील. दिवसभर शब्दांवर पोट, आणि घरी आले की शब्द जपून वापरणार. सासूबाई होत्या तोवर दोघांच्या मध्ये त्या होत्या. खाली मोठे, वर आम्ही, आणि जिन्याच्या तोंडाशी त्यांची खाट. त्या गेल्या, खाट उचलली गेली, आणि त्यानंतर परसवाड्याला एका नात्यातल्या लग्नात ती गोष्ट घडली.

मांडवात कुणीतरी आमच्या ह्यांना वाटणीच्या एका प्रकरणाबद्दल काही विचारलं. हे उत्तर देणार, तेवढ्यात भाऊजी चार खुर्च्या पलीकडून मोठ्याने म्हणाले, "त्याले काय विचारता? त्यानं जन्मात एक काम धड केलं काय?" लोक हसले. भाऊजीही हसले, त्यांच्या लेखी तो विनोद होता, मोठ्या भावाचा हक्काचा. आमच्या ह्यांनी पानातला हात काढून घेतला. त्याच मांडवात त्यांचे दोन पक्षकार बसलेले होते, हे मला नंतर कळलं. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोललेच नाहीत. आठवडे गेले. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणाला आवाज तरी असतो. इथे एक खाली जेवायचा, एक वर, आणि आमची मुलं जाऊबाईंना "बडी मम्मी" म्हणून हाका मारत खाली पळायची ती आता आधी आपल्या बापाच्या तोंडाकडे बघायची.

मग एका सकाळी ह्यांनी मिस्त्री बोलावला. मागच्या अंगणाच्या मधोमध भिंत घालायची. विटा दारात येऊन पडल्या. मला वाटलं, आता खालून रडणं ऐकू येणार. जाऊबाई पदर खोचून अंगणात आल्या, विटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बांध प्रमोद. मी नाही म्हणत नाही. पण मधात एक जागा मोकळी सोड."

"कशाले?" हे म्हणाले.

"कान्ह्याच्या जंगलातल्या वाघाले पेंचच्या जंगलात जायाले कॉरिडॉर सोडतात, मोकळी वाट. रस्ता बांधला तं रस्त्याच्या खालून सोडतात. मी तं तुही वहिनी आहे."

"वहिनी, वाट सोडली तं मंग भिंत कशाची?"

"भिंतीनं काही बिघडत नाही. जंगलाचे तुकडे पडले तरी वाट असली का चालते. वाटच नाही राह्यली, का दोन्हीकडचं एकेक करून संपते. कोणी मारत नाही त्याले. आपोआप संपते." मग आवाज अगदी हलका करून म्हणाल्या, "मले ते पाहायचं नाही."

ह्यांच्याकडे कोर्टात कुठल्याही युक्तिवादाला उत्तर असतं. यावर त्यांनी मिस्त्रीला नुसती बोटाने जागा दाखवली, आणि मिस्त्रीने ती भिंतीच्या मधोमध सोडली. त्याने विचारलं, "मॅडम, यहाँ दरवाजा लगेगा क्या?" जाऊबाई म्हणाल्या, "नहीं भैया. दरवाजा लगा तो कोई ना कोई बंद करेगा." अशा रीतीने आमच्या अंगणात एक भिंत उभी राहिली, जिच्या मधून हातात परात घेतलेली बाई सरळ चालत जाऊ शकते.

आता या वाटेने ये-जा कोण करणार? आम्ही दोघी करत होतोच. खरे दोन वाघ आपापल्या गुहेत. तिकडे भाऊजींचं मनही त्यांना खात होतं, पण ते कबूल करायची त्यांना सवय नव्हती. आधी "मी काय वाईट म्हटलं?" होतं, मग "मोठा भाऊ आहे, एवढं म्हणू शकत नाही काय?" झालं, आणि एक दिवस, जाऊबाईंनीच मला सांगितलं, वर्तमानपत्राच्या आडून, "जरा जास्तच बोललो काय मी?" असं आलं. जाऊबाई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी भाऊजींना समोर बसवलं.

"जंगल जळल्यावर तिथं लगेच साग-सालाचं झाड येत नाही," त्या म्हणाल्या. "आधी गवत येते. मंग झुडपं. मंग कुठं सावली होते, अन् सावलीत झाड."

"मले इकॉलॉजी शिकवू नको. काय करू ते सांग."

"सकाळी नळ आला का त्या जागेत उभं राहून म्हणा, नळ आला."

"कोणाले?"

"कोणालेच नाही. नुसतं म्हणा."

नगरपालिकेचा नळ आला की आमच्या गल्लीत ते सांगावं लागत नाही. बादल्यांचा खडखडाट होतो, शेजारच्या काकू ओरडतात, कुत्री उठतात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाटबंधारे खात्याचे निवृत्त इंजिनिअर भिंतीतल्या मोकळ्या जागेत, हातात स्टीलचा तांब्या घेऊन, समोरच्या जास्वंदीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "नळ आला." पलीकडे वरच्या खिडकीत आरसा टेकवून आमचे हे दाढी करत होते. त्यांनी ब्रश क्षणभर थांबवला आणि पुन्हा फिरवायला लागले. भाऊजी परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी वीज जायची, तेव्हा अंधारात बुडालेल्या घराला भाऊजी भिंतीतून कळवायचे, "लाइट गेली." मला हसू आवरेना. जाऊबाई मात्र एखाद्या प्रयोगाकडे बघावं तशा गंभीर. "हसू नको व," त्या म्हणायच्या. "या बोलण्यात काही नाही, म्हणून तं कोणाले लागत नाही. हे गवत आहे."

पण भाऊजींना गवत उगवेपर्यंत धीर कुठला? एक दिवस ते कुणाला न सांगता पेढ्यांचा पुडा घेऊन वाटेतून थेट आमच्या बाजूला आले आणि म्हणाले, "घे. झालं ते झालं. सोड आता."

ह्यांनी पुड्याला हात लावला नाही. "दादा, तुमच्यासाठी झालं असन. लोक हसले त्याचं मले काही नाही. आई असती तं तुम्ही तसं म्हटलं असतं काय?"

भाऊजींनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग पुडा घेऊन परत गेले. मी मागोमाग खाली गेले तेव्हा जाऊबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याजवळ कुठलाही सिद्धांत नव्हता, असं मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाल्या, "वर्गात फळ्यावर जळलेलं जंगल काढणं सोपं असते व. तिथं उभं राह्यलं का पाय भाजते." मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाऊजींच्या हातात तांब्या दिला.

"आता कशाले?" भाऊजी म्हणाले.

"आता तं जास्तच."

भाऊजी गेले. "नळ आला," ते म्हणाले, पण आवाजातला खणखणाट गेला होता. तो एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा, भावाच्या दारात उभा राहिलेला आवाज होता. रोज तोच. उत्तर नाही. तरी मी पाहत होते, दाढीची वेळ आमच्या ह्यांनी बदलली नव्हती. आरसाही खिडकीतून हलवला नव्हता.

मग उन्हाळ्यात एका सकाळी नळ आलाच नाही. भाऊजी सवयीने वाटेत येऊन उभे राहिले आणि त्यांना काय म्हणावं ते सुचेना. इतके दिवस ते सगळ्यांना ठाऊक असलेली बातमी देत होते. आज पहिल्यांदा खरी बातमी होती. मी आणि जाऊबाई जिन्याखाली धुणं घेऊन उभ्या होतो. भाऊजी चाचरत म्हणाले, "आज... नळ नाही आला."

जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "हालू नको," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

पलीकडून ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज आला. आणि मग, "हौ. मी बोअरची मोटर लावून राह्यलो. तुमची टाकी भरून घ्या."

बस, एवढंच. भाऊजी आत आले, तांब्या ओट्यावर ठेवला आणि उगाचच टाकीचं झाकण बघायला गच्चीवर गेले. जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते. त्यानंतर पाण्यावरून बोलणं विजेवर गेलं, विजेवरून बिलावर, बिलावरून वीज कंपनीच्या ऑफिसातल्या कुणावर तरी दोघांनी मिळून चिडण्यापर्यंत. त्या लग्नाचा विषय मात्र कुणी काढला नाही.

तो विषय निघाला लामता गावी. तिथे एका बारशाला आम्ही सगळे गेलो होतो. जेवणं चालू असताना एका नातलगाने भाऊजींना शेताच्या हद्दीबद्दल काही विचारलं. विचारणाऱ्याला ठाऊक होतं की भाऊजींना प्रत्येक गोष्टीत मत असतं. भाऊजींनी घास गिळला आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे प्रमोदले विचारा. आमच्या घरात यातलं त्याच्याइतकं कोणाले समजत नाही." मांडवात कुणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्या ह्यांचा हात मात्र पानावर थांबला. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "दादा, इकडं या ना. तिथं पंख्याची हवा नाही लागत."

परतताना मी जाऊबाईंना विचारलं, "हे म्हणायला तुम्ही सांगितलं होतं ना?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. डोळे ओले होते. "नाही व," त्या म्हणाल्या. "हे आपोआप उगवलं."

भिंत आजही आहे. पाडायला मजूर मिळत नाहीत, असं आमचे हे सांगतात. बालाघाटात मजूर मिळत नाहीत हे त्यांचं म्हणणं कोर्टात कुणी मान्य करेल असं मला वाटत नाही. पण गेल्या वर्षी जाऊबाई आणि भाऊजी रायपूरला गेले. तिथे त्यांचा मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नातू लहान. सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. जाताना त्या मला म्हणाल्या होत्या, "दोनचार महिने राहून येतो." आता ते दोनचार महिने मोजायचं आम्ही सोडलं आहे. मी फोनवर विचारते, लोक कसे आहेत तिथले? "चांगले आहेत," त्या म्हणतात. "लिफ्टमधे गुड मॉर्निंग म्हणतात, दिवाळीले मिठाई देतात. भांडत नाहीत कोणी." मग म्हणतात, "भांडायले वळख लागते व."

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्यांचा फोन येतो. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटते. तिकडे त्याही काहीतरी चिरत असतात. विळीचा आवाज येतो. दिवसभराचं सांगून झालं की पुष्कळदा आम्ही काहीच बोलत नाही. फोन तसाच चालू असतो. त्यांच्याकडे नातू टीव्ही लावतो, माझ्याकडे रस्त्यावरून ऑटो जातात. परवा असंच मी खिडकीशी उभी राहिले होते, मन कुठे होतं कोण जाणे, मागे कुकर शिट्ट्या देत होता, आणि ओट्यावरून रायपूरचा आवाज आला, "भात झाला व तुहा. गॅस बंद कर."

मी गॅस बंद केला.